न वाजलेली नऊ मिनिटं

मित्रांनो, आखातातल्या अल ऐन शहरात, एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या दुसऱ्या खणात मी राहतो. सोबतीला रबरबँड, अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या आणि संपलेले सेल. मी एक जुना टायमर आहे. मुठीत मावेल एवढा, गोल, पत्र्याचा. पांढऱ्या तबकडीवर शून्य ते साठ आकडे. मला पिळलं की मी टिकटिकतो, आणि वेळ संपली की वाजतो. एवढंच माझं काम. आज खण जरा उघडा राहिलाय, म्हणून माझी गोष्ट सांगून घेतो.

माझ्या पाठीवर कारखान्याचं नाव होतं, ते कधीच घासून गेलं. आठवतं ते इतकंच, की एका बाईने चिमट्याने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरलं आणि मान डोलावून खोक्यात ठेवलं. माझं पहिलं कौतुक ते. तेव्हा मी लालभडक होतो.

मला विकत घेतलं बापूंनी, दिल्लीत. बापू राज्यसभेत लघुलेखक होते. राज्यसभा म्हणजे आपल्या संसदेचं वरचं सभागृह. लोकांनी थेट निवडलेली माणसं खालच्या सभागृहात, लोकसभेत बसतात, आणि राज्यांनी पाठवलेली माणसं वरच्या. तिथे लाल गालिचा असतो. मधोमध एक टेबल असतं आणि त्याच्याशी बसून बापू सदस्यांचा शब्द न् शब्द लिहून घेत. पाच मिनिटं झाली की दुसरा लघुलेखक पावलं न वाजवता येई आणि बापू तसेच न वाजता उठत. मी तिथे कधी गेलो नाही. घंटा असलेल्या वस्तूला तिथे कोण नेणार? मी घरी, सरावासाठी. बापूंची लहानगी सुलक्षणा वर्तमानपत्र मोठ्याने वाची, बापू भराभर लिहीत, आणि पाच मिनिटांनी मी वाजलो की ती शब्द अर्धा सोडून खेळायला पळे.

हीच सुलक्षणा मोठी झाली, बी.एस्सी. झाली, लग्न होऊन अल ऐनला निघाली. बापूंनी मला तिच्या बॅगेत घातलं. म्हणाले, "अंडी उकडायला होईल."

अंडी मी फारच कमी उकडली, मित्रांनो. रुचाचा जन्म झाला आणि मी बाळाच्या पहाऱ्यावर लागलो. बाळ झोपलं की सुलक्षणा मला वीस मिनिटांवर लावी. मी वाजलो की जाऊन बाळाच्या नाकापुढे बोट धरी. ताप असला की दर दहा मिनिटांनी पट्टी. पुढे प्रसन्न झाला, तेव्हाही तेच. शेजारच्या मैमुनाबी, रत्नागिरीच्या, हसायच्या. "गो सुलक्षणा, तुझा ह्यो लाल डबा वाजला का माझी पोरं पण दचकून उठतात!" सुलक्षणाही हसायची, पण मला खाली ठेवायची नाही. मुलं शाळेत जाऊ लागली तेव्हा रोज सकाळी ती बाल्कनीत उभी राही. बस नंबर सात राउंडअबाउटला वळून दिसेनाशी होईपर्यंत.

मला ती आवडायची. काळजी करणाऱ्या माणसाच्या हातात वस्तूला फार काम असतं.

२००१ च्या एप्रिलात बापू तीन महिन्यांच्या व्हिझिटवर आले. रुचा तेव्हा सहावीत, प्रसन्न केजीत. रुचाच्या शाळेत शिवानी मिस नागरिकशास्त्र शिकवायच्या. त्यांनी विद्यार्थ्यांची संसद काढली होती. वर्गांनी निवडलेले प्रतिनिधी खालच्या सभागृहात. वरच्या सभागृहाला मात्र राज्यं कुठून आणायची, हा प्रश्न पडला.

रुचाने घरी येऊन विचारलं. बापूंनी चष्मा पुसला. "तुम्ही सगळी येता कशी शाळेत?"

"बाय बस."

"किती बस?"

"नाइन."

"झाली की नऊ राज्यं."

अशी ती बसची राज्यसभा सुरू झाली. एकेका वस्तीची एकेक बस: हिलीची बस, जिमीची बस, सनैयाची बस, बुरैमीहून येणारी बस. प्रत्येक बसने दोन सदस्य पाठवले. सातव्या बसने त्यात रुचाला पाठवलं, कारण ती बसची मॉनिटर होती आणि नावांची यादी नीट सांभाळायची. सभापती झाली मैमुनाबींची नववीतली नबिला. आठवीतला तिचा भाऊ अक्रम समोरच्या बाकावर; आमच्या इमारतीखाली दोन बस थांबत, त्यातल्या चार नंबरचा तो. दर बुधवारी शेवटच्या दोन तासांत लायब्ररीत सभा भरायची. लाल गालिचा म्हणून मैमुनाबींच्या दिवाणखान्यातली जाजम आली. मधल्या टेबलाशी शिवानी मिसच्या विनंतीवरून खरेखुरे बापू, पेन्सिलींना टोक काढून. आणि सभापतींच्या पुढ्यात, वेळ मोजायला, मी!

तीस वर्षं मी घरचाच होतो. आता सभागृहात पोचलो. सगळं इंग्रजीत चाले, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

आधी कागद पटलावर ठेवले जात, म्हणजे बसचे अहवाल टेबलावर. मग प्रश्नोत्तरांचा तास. तो आमच्याकडे पंधरा मिनिटांचाच. एक मुलगी विचारी, "बस नंबर तीनचा एसी कधी दुरुस्त होणार, हे मंत्री सांगतील काय?" मंत्री म्हणजे नववीतला एक लंबू. तो कागद बघून म्हणे, "माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल." बापूंची पेन्सिल जराशी हसायची. घरी गेल्यावर म्हणायचे, "हे उत्तर मी आयुष्यभर लिहिलंय. पोराला कुणी शिकवलं कोण जाणे!"

मग शून्य प्रहर. ज्याला जे तातडीचं वाटेल ते त्याने तीन मिनिटांत सांगायचं. नबिला मला तीनवर लावी. मी वाजलो की बोलणारा कितीही रंगात असो, बसायचं. मी कुणाचीही भीड ठेवली नाही. अक्रमचं तर प्रत्येक भाषण मीच कापलं.

"मॅडम, एकच मिनिट!"

"माननीय सदस्य, खाली बसा."

"आपा, प्लीज ना!"

"इथे आपा कोणी नाही. आणि घरी गेल्यावर बघते तुला."

सगळं सभागृह हसायचं.

दोन रीती बापूंनी पहिल्याच दिवशी सांगितल्या होत्या. एक, जो माणूस सभागृहात उत्तर द्यायला हजर नाही, त्याचं नाव घेऊन त्याच्यावर आरोप करायचा नाही. आणि दुसरी, सदस्य पहिल्यांदा बोलायला उभा राहिला की त्याला कोणी टोकायचं नाही. "घंटासुद्धा वाजवत नाहीत," बापू म्हणाले. "पहिलं भाषण ऐकून घ्यायचं असतं. मग तो कितीही विरुद्ध बोलो."

"आणि वरच्या सभागृहाचं काम काय, सर?" अक्रमने विचारलं.

"खालच्यांनी घाईत केलेलं सावकाश बघायचं."

रुचा चार बुधवार एक शब्द बोलली नाही. सगळं बघायची, सगळं ऐकायची. आईवर गेली होती. नबिला जिन्यात भेटली की म्हणायची, "रुचा, तुझं पहिलं भाषण शिल्लक आहे हं. मी वाट बघतेय." रुचा मान खाली घालून मला बॅगेत टाकायची.

मे महिन्यात खालच्या सभागृहाने एक विधेयक मोठ्या गजरात पास केलं. सकाळी शाळेत पोचल्यावर, बसचं दार उघडण्याआधी, मॉनिटर सगळ्यांची नावं वाचत असे. केजीपासून दहावीपर्यंत, एकेक. त्यात चार मिनिटं जात आणि प्रार्थनेला उशीर झाला म्हणून मोठ्या मुलांना ओरडा बसे. विधेयक असं होतं की ही हजेरी बंद करावी. वरच्या सभागृहात त्यावर सत्राच्या शेवटच्या बुधवारी चर्चा होणार होती. तोवर ज्या बसला हवं तिने हजेरीशिवाय चालवून बघावं, असं मोठ्या मुलांनी आपापसात ठरवलं. मिसना विचारलं नव्हतं. सातव्या बसमधली मोठी मुलं रुचाच्या मागे लागली. "लग्नाची पत्रिका वाचल्यासारखी नावं वाचतेस! उतरू दे ना!" रुचाने यादी बॅगेत ठेवून दिली.

आता जे सांगतो, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

यादी बॅगेत गेली तो त्याच्या आधीचा बुधवार होता, त्यामुळे मीही रुचाच्या बॅगेत होतो. बसमध्ये प्रसन्नने मला हळूच काढून घेतलं. शेवटच्या सीटवर जाऊन बसला, मला पिळलं आणि कानाला लावलं. टिकटिक ऐकता ऐकता त्याला झोप लागली. वळणावर तो सीटवरून घसरून खाली, दोन सीटच्या मधल्या जागेत आला. जागा झाला नाही. मी त्याच्या पोटाशी.

बस शाळेत पोचली. दार उघडलं. धडधड पावलं वाजली, आरडाओरडा, आणि शांतता. ड्रायव्हर हमदुल्ला, पेशावरकडचा, वयाने पन्नाशीचा, त्याने आरशात पाहिलं. आरशात सीट दिसतात. सीटच्या खालचं दिसत नाही. त्याने एसी बंद केला, दार लावलं आणि चहाला गेला.

मी मोजत राहिलो. दुसरं काय करणार? पहिल्या मिनिटाला हवा तशीच होती. तिसऱ्या मिनिटाला माझा पत्रा गरम व्हायला लागला. पाचव्या मिनिटाला प्रसन्नचे केस ओले झाले होते आणि तो झोपेत आईला हाक मारत होता. सहाव्या मिनिटाला मी वाजलो. जेवढं वाजता येईल तेवढं वाजलो. काचा बंद होत्या. कोणी आलं नाही. फक्त प्रसन्न जागा झाला आणि रडायला लागला.

सातव्या मिनिटाला दारावर कोणीतरी धपाधप हात मारले. रुचाचा आवाज आला. "अंकल! ओपन करो! मेरा टायमर अंदर है!"

मित्रांनो, नीट ऐका. ती मला शोधत आली होती. प्रार्थनेच्या रांगेत तिने बॅग चाचपली, मी सापडलो नाही, म्हणून ती धावली. प्रसन्न त्याच्या वर्गाच्या रांगेत उभा असेल, असंच ती धरून चालली होती.

हमदुल्ला हातातला चहा टाकून पळत आला. दार उघडलं. मागून रडण्याचा आवाज आला, आणि रुचा जागीच थिजली. हमदुल्लाच मागे धावला, त्याने प्रसन्नला उचललं, नळाशी नेलं, तोंड धुतलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला. घाईत अर्धं पाणी स्वतःच्याच कपड्यांवर सांडलं. प्रसन्न दोन घोट प्यायला आणि म्हणाला, "दीदी, आय वॉज स्लीपिंग." बाकी त्याला काही झालं नव्हतं. गाल तेवढे लाल होते.

हमदुल्ला रुचाकडे बघून म्हणाला, "बेटी, घर में बता देना. मेरा नौकरी जाएगा तो जाएगा. छुपाना नहीं."

रुचाने मान हलवली. पण सांगितलं नाही.

घरी प्रसन्नने सांगून टाकलं होतं खरं तर. "आई, मी बसमध्ये झोपलो." सुलक्षणा पोळी लाटता लाटता म्हणाली, "रोजच झोपतोस, राजा." आणि रुचा माझ्याकडे बघत राहिली. आठवडाभर ती नीट जेवली नाही. सुलक्षणाने कपाळाला हात लावून पाहिला, मैमुनाबींकडून दृष्टसुद्धा काढून घेतली.

पुढच्या बुधवारी सत्राची शेवटची बैठक होती, म्हणून पालकांना बोलावलं होतं. लायब्ररीच्या मागच्या दोन ओळी म्हणजे प्रेक्षकांची गॅलरी. दारावर शिवानी मिसनी सूचना लावली होती. गॅलरीत बोलू नये, टाळ्या वाजवू नयेत, उभं राहू नये. सुलक्षणा आणि मैमुनाबी शेजारी शेजारी बसल्या. बापू टेबलाशी. मी नबिलाच्या पुढ्यात.

हजेरी बंद करण्याचं विधेयक आलं. अक्रम तयारीत होता. "मॅडम, चार मिनिटं गुणिले दोनशे दिवस! एवढ्यात माणूस ओमानला जाऊन परत येईल!" हशा झाला. बाकीच्यांनी बाकं वाजवली. तिघंचौघं बोलले, सगळे बाजूने. नबिलाने विचारलं, "अजून कोणी?" कोणी उठलं नाही. ती मत घ्यायला लागणार, तेवढ्यात सातव्या बसच्या बाकावरून रुचा उभी राहिली.

गॅलरीत सुलक्षणाचा चेहरा उजळला. नबिलाने मला तीनवर लावलं.

रुचाच्या हातात कागद होता. त्यावर मुद्दे लिहिले होते, एक दोन तीन. पहिला मुद्दा तिने वाचला. मग थांबली. बराच वेळ थांबली. कागद बाकावर ठेवला.

"माझ्या बसने मागच्या आठवड्यात हजेरी घेतली नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी एक लहान मुलगा बसमध्ये राहिला. झोपला होता. दार बंद झालं. एसी बंद होता."

बाकं वाजायची थांबली.

"कोणता ड्रायव्हर?" अक्रम उठलाच. "नाव सांग! कम्प्लेंट करू!"

"माननीय सदस्य, बसा," नबिला म्हणाली. "जो उत्तर द्यायला इथे नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही."

"पण आपा..."

"आणि हे त्यांचं पहिलं भाषण आहे. मध्ये बोलायचं नाही."

मी शेवटच्या काही सेकंदांवर आलो होतो. आता वाजणार, अंगातली स्प्रिंग सुटत आली होती. तेवढ्यात नबिलाचा अंगठा माझ्यावर आला. माझ्याकडे न बघता तिने मला हळूच पुढे फिरवलं. पुन्हा तीन.

"नाव हवंच असेल तर माझं लिहा," रुचा म्हणाली. ती बापूंकडे बघत होती. "यादी माझ्याकडे होती. मी ती बॅगेत ठेवली. मुलं हसतात म्हणून ठेवली."

बापूंनी लिहिलं. मी पाहिलं, त्यांनी मान वर केली नाही.

"तो मुलगा... तो माझा भाऊ आहे. प्रसन्न."

गॅलरीत खुर्ची सरकली. सुलक्षणा उभी राहिली होती. मैमुनाबींनी तिचा हात धरून खाली ओढलं. "बस गो, बस," त्या कुजबुजल्या. "प्रसन्न बरा हाय, सकाळीच पाहिलास तू त्याला. पोरीला बोलू दे." सुलक्षणा बसली. दोन्ही हातांनी मैमुनाबींचा हात घट्ट धरून बसली.

रुचाने आईला पाहिलं होतं. ती पुन्हा थांबली. आता ती बसेल असं मला वाटलं. मी दुसऱ्यांदा शून्याजवळ आलो, आणि नबिलाने मला दुसऱ्यांदा पुढे फिरवलं. किर्र असा आवाज झाला तेवढाच.

"मी परत गेले, पण त्याच्यासाठी नाही," रुचा म्हणाली. आता ती रडत होती, पण शब्द कळत होते. "मी टायमर आणायला गेले. तो टायमर. तो हरवला असता तर सगळे रागावले असते म्हणून. प्रसन्न आत आहे हे मला माहीतच नव्हतं. टायमर माझ्या बॅगेतच असता तर मी परत गेलेच नसते. हजेरीला चार मिनिटं लागतात. मी घड्याळात बघितलं, तो आत सात मिनिटं होता. प्लीज हजेरी बंद करू नका. आणि हजेरी झाल्यावरही कोणीतरी शेवटच्या सीटपर्यंत चालत जा. दॅट्स ऑल."

ती खाली बसली तेव्हा मी टिकटिकत होतो. सगळ्या लायब्ररीत माझाच आवाज होता. तिसऱ्या वेळच्या तीन मिनिटांतलं थोडंसं शिल्लक होतं, ते नबिलाने तसंच सरू दिलं. शून्यावर यायच्या आत मला उचलून, ओढणीत गुंडाळून, मांडीवर घट्ट धरलं. मी ओढणीच्या आत कसाबसा खुळखुळलो. बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही.

पहिला अक्रमच उठला. परवानगी न मागता. "तो आता ठीक आहे ना?" त्याने विचारलं. नबिलाने त्याला खाली बसवलं नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, बस नंबर चार आपलं मत बदलते."

विधेयक खालच्या सभागृहाकडे परत गेलं. सोबत वरच्या सभागृहाची दुरुस्ती. हजेरी राहील, आणि नंतर मॉनिटर शेवटच्या सीटपर्यंत जाईल. विरोधात एकही हात नव्हता.

घरी आल्यावर सुलक्षणाने आधी प्रसन्नला नखशिखान्त पाहिलं. मान, पाठ, तळवे, जणू आजच बसमधून काढलाय. मग ती स्वयंपाकघरात आली, मला उचललं.

"किती म्हणालीस? सात?"

रुचाने मान हलवली.

तिने मला सातवर लावलं आणि ओट्याला टेकून फरशीवर बसली. रुचा समोर. बापू दारात. तिसऱ्या मिनिटाला सुलक्षणाने पदराने तोंड झाकलं. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, "अजून आहे?" मित्रांनो, मला शक्य असतं तर मी लवकर वाजलो असतो. पण लवकर वाजणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. मी पुरी सात मिनिटं घेतली आणि वाजलो.

प्रसन्न धावत आला. "आई, अंडं झालं?"

सुलक्षणा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. त्याला मांडीवर ओढून तिने रुचाला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"बिकॉज यू गेट सो स्केअर्ड, आई. यू वुड स्टॉप द बस. अँड हमदुल्ला अंकल वुड गो होम."

"मी घाबरते म्हणून मला सांगायचं नाही. मग कशाला घाबरायचं ते मला कळणार कसं गं?" तिने दुसरा हात लांब केला. रुचा त्या हाताखाली शिरली.

पण थोड्या वेळाने मी पाहिलं, सुलक्षणा फोनपाशी उभी होती. शाळेच्या ट्रान्स्पोर्ट ऑफिसचा नंबर समोर होता. एक फोन, की हमदुल्ला खलास. तिचा हात रिसीव्हरवर होता. बापूंनी शॉर्टहँडवरून उतरवलेले कागद तिच्यापुढे ठेवले.

"आधी हे वाच. मग कर फोन."

"बापू, माझा मुलगा होता आत!"

"माझा नातू होता, सुलू. मी ते लिहीत होतो." त्यांनी कागद तिच्याकडे अजून सरकवले. "खालच्या सभागृहासारखं करू नकोस. एक रात्र जाऊ दे."

तिने कागद वाचले. एका ठिकाणी बोट ठेवलं. रुचाच्या दोन वाक्यांच्या मध्ये बापूंनी कंसात लिहिलं होतं, शांतता.

"असं लिहितात?"

"नाही लिहीत," बापू म्हणाले. "बोललेलं तेवढंच लिहायचं असतं. मी पहिल्यांदाच लिहिलं."

त्या दिवशी फोन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणा बाल्कनीत थांबली नाही. मला घेऊन मुलांबरोबर खाली उतरली. बस थांबली. हमदुल्ला तिला पाहून खाली उतरला आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला.

"मेमसाब, मेरे से गलती हुआ. मैं शीशा देखा, पीछे नहीं गया."

"गलती बहुत लोगों से हुआ, भाईसाब," सुलक्षणा म्हणाली. "मेरे बेटी से भी. बेटा बोला तो मैंने सुना नहीं, मेरे से भी." तिने मला पुढे केलं. "ये घड़ी पीछे वाली सीट पे रहेगा. स्कूल पहुँचके, बच्चे उतरे के बाद, इसको रोज चावी देना. देने के लिए पीछे जाना पड़ेगा ना?"

हमदुल्लाने मला दोन्ही हातांत घेतलं. "रोज, मेमसाब. इन्शाल्ला, एक दिन नहीं चूकेगा."

मग ती वर गेली आणि बाल्कनीत उभी राहिली. मी मागच्या काचेतून तिला पाहिलं, राउंडअबाउट येईपर्यंत.

तो चुकला नाही, मित्रांनो. चार वर्षं मी सातव्या बसच्या मागच्या काचेपाशी, तारेने बांधलेला होतो. रोज सकाळी हजेरी व्हायची, मुलं उतरायची, आणि मग हमदुल्लाची पावलं मागे यायची. तो प्रत्येक सीटच्या खाली वाकून बघायचा. मला पिळायचा, म्हणायचा, "यल्ला, चलो, बुढ्ढे, तू भी काम कर." मग चहाला जायचा. मधल्या काळात त्याला दोन पाण्याच्या बाटल्या सापडल्या, एक स्वेटर, एक पडलेला दुधाचा दात, आणि एकदा दुसरीतली एक मुलगी, गाढ झोपलेली. त्याने तिला उचलून वर्गापर्यंत नेलं.

उन्हाने माझा लाल रंग उडून गुलाबी झाला. गेल्या वर्षी नवी बस आली. तिच्यात सगळं बटणांचं. हमदुल्ला पेशावरला परत जायला निघाला तेव्हा रुमालात बांधून त्याने मला सुलक्षणाकडे आणून दिलं. तोवर घरात मायक्रोवेव्ह आला होता. तो स्वतःच पीक पीक करतो. मग मी या खणात आलो. बापू आता दिल्लीत असतात, फोनवर विचारतात, "टायमर चालतो का?" सुलक्षणा म्हणते, "चालतो, थोडा मागे पडतो." खरं आहे. माझी सात मिनिटं आता जवळजवळ नऊ मिनिटांत होतात.

मला काही तक्रार नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं असेल तर त्याला उलटं पिळू नका, स्प्रिंग तुटते. कधी तरी कानाशी धरा. आणि बसमधून उतराल, वर्गातून निघाल, तेव्हा एकदा शेवटच्या बाकापर्यंत जाऊन या. तिथे बहुतेक वेळा नुसती पाण्याची बाटली असते. तरी जाऊन या.

आणि कोणी पहिल्यांदाच बोलायला उभं राहिलं आणि मध्येच थांबलं, तर नबिलासारखा अंगठा ठेवा. मला वाजण्यासाठी बनवलं होतं. हजारो वेळा मी वाजलोही. पण या अंधाऱ्या खणात पडल्या पडल्या मला रुचाच्या भाषणातली जी तीन त्रिक नऊ मिनिटं परत परत आठवतात, त्या नऊ मिनिटांत मी वाजलो नाही.